कोशात न सापडणारं मधलं अक्षर

चार अक्षरी शब्द, तिसरं अक्षर ‘ळी’. शब्दकोडं सोडवताना एवढंच हाती असतं आणि शेजारी कोश असूनही कामी येत नाही, कारण त्याची सगळी मांडणी पहिल्या अक्षरावर. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, तोही तसाच. त्यात ‘ळ’नं तर मराठी शब्द सुरूच होत नाही. ‘जवळीक’, ‘मोकळीक’ आठवायचे ते डोकं खाजवूनच.

अक्षरं पारखून शब्द वेचण्याची हौस मात्र फार जुनी. संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचा ओठ प्रेयसीच्या दातांनी दुखावलेला असतो, म्हणून तो आपली अख्खी हकीकत प, फ, ब, भ, म टाळून सांगतो. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘निरोष्ठ रामायण’ रचलं. रामाची कथा सांगायची आणि ‘राम’च म्हणायचं नाही, कारण ‘म’ला ओठ मिटतात! अशा वेळी ‘सीतानाथ’सारखा शब्द हुडकावा लागतो. अमरकोश हा संस्कृत समानार्थी शब्दांचा कोश अर्थाप्रमाणे लावलेला आहे. तो मुखोद्गत असण्याचं मोल इथे कळतं. शब्द अर्थावरून गोळा करायचे, मग अक्षरांच्या चाळणीतून काढायचे. मला हे आजच्या शब्दशोधाचंच पूर्वरूप वाटतं.

वर्तमानपत्री शब्दकोड्याची सुरुवात २१ डिसेंबर १९१३ची, न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’मधली, आर्थर विन यांची. पुढे १९३०च्या दशकातल्या मंदीत काम गमावलेले वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसले. त्या मोजणीतून अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवण्याचा खेळ ‘स्क्रॅबल’ घडला: ‘ई’च्या १२ सोंगट्या, प्रत्येकी १ गुण, ‘क्यू’ आणि ‘झेड’ एकेकच, पण १० गुणांचे. दुर्मीळ अक्षराला भाव आला आणि ते असलेले शब्द खेळाडू पाठ करू लागले.

संगणकानं हे काम सोपं केलं. १९७३च्या सुमारास केन थॉम्पसन यांचा ‘ग्रेप’ हा मजकूर शोधणारा प्रोग्रॅम युनिक्स या संगणक-प्रणालीत आला. माहीत नसलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यायचं की शब्दयादीतून जुळणारे सगळे शब्द समोर.

इंग्रजीला हे पुरलं, मराठीला नाही. सुरुवातीचंच कोडं घ्या. अख्खा शब्द जुळायला हवा असं सांगून दोन टिंबं, ‘ळी’, पुन्हा एक टिंब असं दिलं की ‘जवळीक’ सापडतो, ‘मोकळीक’ निसटतो आणि तीनच अक्षरांचा ‘कोळीण’ मात्र हजर होतो. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिपीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्रा हे स्वतंत्र चिन्ह; ‘मो’ दोन टिंबं खातो, ‘को’ही. ‘क्षत्रिय’ आपल्या लेखी तीन घरांचा, संगणकाच्या लेखी आठ चिन्हांचा: त्यात दोन हलन्त (पाय मोडल्याची चिन्हं), एक वेलांटी.

म्हणून मराठीत आधी शब्दाची अक्षरं पाडावी लागतात, शोध नंतर. चिन्हं एकत्र बांधण्याचे युनिकोडचे नियम होते, पण ते जोडाक्षर फोडायचे. ‘क्षत्रिय’चे क्, ष, त्, रि, य असे पाच तुकडे व्हायचे. २०२३च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं अखंड ठेवणारा नियम आला. त्या नियमानं मोजलं, तर ‘क्षत्रिय’ कोड्यातल्या तीन घरांत नीट बसतो.