आरसा कोणाच्या हातात?

फोटोत स्वतःला पाहून 'मी असा दिसतो?' असं ज्याच्या मनात कधी आलंच नाही, असा माणूस विरळा. शेजारी बसलेला मित्र मात्र म्हणतो, "चांगला तर आलाय!" दोघंही मनापासून बोलत असतात. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले. एक सरळ छापलेला, दुसरा डावं-उजवं उलटवलेला, म्हणजे आरशात दिसतो तसा. बहुतेकींना उलटवलेला आवडला, तर त्यांच्या मैत्रिणींची पसंती सरळ फोटोला होती. डोळ्यांना जे रोज दिसतं तेच गोड वाटतं, आणि आपला चेहरा आपल्याला रोज आरशातूनच दिसतो.

चेहऱ्याचं हे असं, तर स्वभावाचं काय? चार्ल्स हॉर्टन कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली म्हटलं की, आपली स्वतःबद्दलची कल्पना लोकांच्या आरशात पाहून घडते. समोरच्याला मी कसा दिसत असेन, तो त्यावरून काय मत बनवत असेल, आणि मग त्याचा मला वाटणारा अभिमान किंवा शरम, अशा तीन पायऱ्या त्याने सांगितल्या. कूलीचं म्हणणं पुढे 'लोक म्हणतात तसे आपण घडतो' इतकं आखडून सांगितलं जाऊ लागलं, याचं मला वाईट वाटतं. कारण त्यातल्या पहिल्या दोन्ही पायऱ्या आपल्या अंदाजाच्या आहेत. समोरच्याच्या मनात आपल्याला शिरता येत नाही.

हा अंदाज कितपत खरा असतो? श्रॉगर आणि शोनेमन यांनी १९७९ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. लोक आपल्याला कसं समजतात, असं आपल्याला वाटतं, त्याच्याशी आपली स्वतःबद्दलची कल्पना छान जुळत होती. लोकांच्या प्रत्यक्ष मतांशी मात्र ती फारशी जुळत नव्हती. १९९३ मध्ये केनी आणि डीपॉलो यांनी त्यामागचं एक कारण दाखवलं: हा अंदाज आपण समोरच्याच्या प्रतिक्रियेपेक्षा आपल्याच स्वतःबद्दलच्या मतावरून बांधतो. आपण कंटाळवाणं बोलतो असं ज्याच्या मनात ठाण मांडून बसलंय, त्याला श्रोत्याची जांभई तेवढी दिसते. ती जागरणाची असेल, हे त्याला सुचतही नाही. म्हणजे आरसा लोकांचा म्हणायचा, आणि त्यात उमटतं ते बरंचसं आपलंच मत.

शिवाय लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं तितकं पाहतही नाहीत. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळं वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. 'निम्म्या जणांनी तरी पाहिलं असेल,' असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच तो लक्षात राहिला होता. लाजऱ्या माणसाला हे कुणीतरी शाळेतच सांगायला हवं!

पण म्हणून दुसऱ्यांची मतं बिनमहत्त्वाची ठरत नाहीत. ती आपल्यापर्यंत पोचतात वागणुकीतून, आणि तेही नकळत. १९७७ सालच्याच एका प्रयोगात मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँकी आणि एलेन बर्शाइड यांनी अनोळखी तरुण-तरुणींचं फोनवर बोलणं करून दिलं. त्याआधी तरुणाला 'ही ती मुलगी' म्हणून एक फोटो दाखवला होता. तो तिचा नव्हताच. काहींना सुंदर चेहऱ्याचा मिळाला, काहींना तशा नसलेल्या चेहऱ्याचा. मुलींना याची काहीच कल्पना नव्हती. नंतर फक्त मुलींचा आवाज तिऱ्हाइतांना ऐकवला, तेव्हा ज्यांना सुंदर समजलं गेलं होतं त्या अधिक मोकळ्या आणि मनमिळाऊ वाटल्या. पलीकडच्या स्वरातल्या उबेला त्यांनी उबेनेच उत्तर दिलं होतं. काही मिनिटांच्या बोलण्यात हे होत असेल, तर एखाद्या मुलाला घरात वर्षानुवर्षं 'हा मठ्ठच' असं धरून चाललं की काय होत असेल? या प्रयोगाची आठवण झाली की मला तोच मुलगा डोळ्यांपुढे येतो.

मग स्वतःला अधिक ओळखतं कोण, आपण की इतर? सिमीन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात याची वाटणी दिसते. मनातली धास्ती आणि चिंता माणसाची त्यालाच जास्त ठाऊक. बुद्धी आणि कल्पकतेबाबत मात्र मित्रांचा अंदाज अधिक बरोबर निघाला. तिथे आपला अहंकार मध्ये येतो, मित्राचा येत नाही.

१९७० साली गॉर्डन गॅलप यांनी भूल दिलेल्या चिंपांझींच्या भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला. जाग आल्यावर आरशात पाहून ते स्वतःच्याच चेहऱ्यावरचा डाग चाचपू लागले. पुढे हाच प्रयोग त्यांनी जन्मापासून एकट्या वाढवलेल्या मोजक्या चिंपांझींवर केला. आरसा तोच, डागही तसाच. त्यांचा हात स्वतःच्या चेहऱ्याकडे गेलाच नाही.