मूल व्हावं म्हणून शस्त्रक्रिया, आणि नंतरची चिकटण

फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) काढला, बंद गर्भनलिका उघडली, चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) साफ केली. ऑपरेशन उत्तम झालं, तरी दिवस राहत नाहीत. पुन्हा दुर्बीण घालून पाहावं, तर अंडाशय गर्भाशयाच्या मागे चिकटून बसलेलं. डॉक्टर याला ‘ॲढेशन्स’ म्हणतात.

ओटीपोटातल्या अवयवांवर पेरिटोनियम नावाचं ओलसर अस्तर असतं. त्याचा वरचा थर जेमतेम एका पेशीच्या जाडीचा, म्हणून अवयव एकमेकांवरून सहज सरकतात. चिमटा, कोरडा गॉझ, विजेचा चटका, एवढंच काय, पोट फुगवायला सोडलेला कोरडा वायूसुद्धा हा थर दुखावू शकतो. मग तिथे द्रव पाझरतो आणि काही तासांत फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं, चिकट जाळं धरतं. इथवर काही बिघडलेलं नसतं. शरीरातलं प्लास्मिन नावाचं विकर (एन्झाइम) हे जाळं साधारण ३ दिवसांत विरघळवतं आणि आठवडाभरात अस्तर भरून येतं. पण रक्तपुरवठा तुटलेल्या जागी प्लास्मिन पुरेसं तयार होत नाही. जाळं तसंच राहतं, त्यात फायब्रोब्लास्ट या धागे विणणाऱ्या पेशी शिरून कोलॅजन हे चिवट प्रथिन विणतात. त्याचा दोन अवयवांना जोडणारा पट्टा होतो आणि त्या पट्ट्यात पुढे रक्तवाहिन्याही वाढतात.

नलिकेच्या टोकाची झालर अंडाशयावरून बीज टिपते. ती झालरच पट्ट्यात अडकली, तर नलिका आतून मोकळी असून उपयोग काय? अशा वेळी नलिकेत डाय सोडून काढलेला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. पातळ पट्टे साध्या सोनोग्राफीतही सहसा दिसत नाहीत.

म्हणून जे काही करायचं, ते पहिल्याच ऑपरेशनमध्ये. १९७०च्या दशकात रुजलेल्या मायक्रोसर्जरीचे, म्हणजे भिंगाखाली केलेल्या नाजूक शस्त्रक्रियेचे, नियम साधेच आहेत: ऊती ओल्या ठेवा, बारीक टाके घाला, रक्त साचू देऊ नका. फायब्रॉइड काढताना गर्भाशयाच्या मागच्या बाजूचा छेद जास्त चिकटतो, म्हणून जमेल तिथे तो टाळतात. हातमोज्यांवरची पावडरही चिकटण वाढवते. अमेरिकेने असे मोजे २०१७ मध्ये बंद केले. सेल्युलोजचं विरघळणारं कापड किंवा आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण वापरून अवयव वेगळे ठेवता येतात. त्याने चिकटण कमी होते, पण मुलं जास्त होतात याचा भक्कम पुरावा नाही. जाहिरातीत हा दुसरा भाग नसतो.

पट्टे कापता येतात, पण कापलेल्या जागी ते पुन्हा धरतात. त्यामुळे चिकटण दाट असेल तर बरेच डॉक्टर थेट आयव्हीएफ सुचवतात. त्यात बीज सुईने काढून शरीराबाहेर फलित करतात, नलिकेची गरजच उरत नाही. मात्र अंडाशय भलत्याच जागी चिकटलं असेल, तर सुई तिथवर नेणंही अवघड जातं.