काष्ठवासी मुंग्यांचे गृहपालन

लाकडात पोकळ्या कोरून राहणाऱ्या मुंग्यांची वसाहत निरीक्षणासाठी कृत्रिम घरट्यात सांभाळण्याची पद्धत. पाळल्या जाणाऱ्या जाती बहुतांशी कॅम्पोनोटस प्रजातीतील असतात. कीटकशास्त्रज्ञ मायर यांनी १८६१ मध्ये वर्णिलेल्या या प्रजातीत हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांतील पुष्कळ जमिनीतही राहतात. वाळवीप्रमाणे या मुंग्या लाकूड खात नाहीत, कोरलेला भुसा बाहेर टाकतात.

कृत्रिम घरट्याचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. पाण्याच्या कड्याने वेढलेल्या भांड्यात मुंग्या ठेवण्याची युक्ती डच निसर्गाभ्यासक स्वामरडॅम यांच्याकडे, म्हणजे सतराव्या शतकापर्यंत, नेली जाते. प्येर ह्यूबर यांनी १८१० च्या सुमारास काच बसवलेली घरटी वापरली, तर जॉन लबक यांनी दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर ठेवला. लबक यांच्याकडील एक राणी सुमारे १४ वर्षे जगली. ती मात्र काष्ठवासी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शार्ल जाने यांनी प्लास्टरच्या ठोकळ्यात दालने कोरून त्याचे एकच टोक ओले ठेवले. त्यामुळे मुंग्यांना अंडी-अळ्यांसाठी हवा तसा ओलावा निवडता येऊ लागला. काष्ठवासी जातींना मातीची गरज नसल्याने त्यांच्यापुरते श्रेय जाने यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. आजची प्लास्टर किंवा सच्छिद्र काँक्रीटची घरटी याच परंपरेतली. खऱ्या लाकडाचे घरटे दिसायला नैसर्गिक. पण ते बुरसते, वाकते आणि मुंग्या ते कोरून निसटतात.

प्रारंभ बहुधा मीलनानंतर पंख गाळलेल्या एका राणीपासून होतो. कापसाआड पाणी कोंडलेल्या काचनळीत तिला अंधारात ठेवतात. निरुपयोगी झालेले उड्डाणस्नायू आणि शरीरातील चरबी यांवर ती पहिली पिढी वाढवते, म्हणून या काळात अन्न लागत नाही. पहिल्या कामकरी मुंग्या लहानखुऱ्या असतात. त्या बाहेर पडू लागल्या की साखरपाणी व मारलेले कीटक देतात. वाढ संथ असते. हजारोंची वसाहत व्हायला काही वर्षे जातात.

पोषणाचा विचार करताना या मुंग्यांच्या आतड्यातील पेशींमध्ये राहणाऱ्या जंतूंची दखल घ्यावी लागते. प्राणिशास्त्रज्ञ ब्लॉखमान यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाहिले. पुढे त्यांना ब्लॉखमानिया हे नाव मिळाले. त्यांतील ब्लॉखमानिया फ्लोरिडानस या जातीचा जनुकसंच २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे जंतू यजमानाला आवश्यक ॲमिनो अम्ले पुरवतात आणि टाकाऊ नायट्रोजनचा पुनर्वापर करतात. प्रथिने तुटपुंजी असतानाही वसाहत टिकते, त्यामागे हे एक कारण असावे.

समशीतोष्ण जातींना, उदा., कॅम्पोनोटस हर्क्युलिअनसला, हिवाळी विश्रांती लागते. ऊब कायम ठेवली तरी तिच्या अळ्यांची वाढ काही काळाने थांबते. अशा वसाहती काही महिने थंड जागी ठेवतात. पाणी मात्र तोडत नाहीत. उष्ण प्रदेशातील जातींना ही थंडी लागत नाही.

पळून जाऊ नयेत म्हणून भांड्याच्या कडेला टाल्कच्या (शंखजिऱ्याच्या) पुडीचा किंवा निसरड्या द्रवाचा पट्टा देतात. परक्या प्रदेशातील जाती आणणे अनेक देशांत कायद्याने नियंत्रित आहे. नकोशी झालेली परकी वसाहत बाहेर सोडत नाहीत, गोठवून नष्ट करतात.