संगणक सारखा पासवर्ड का मागतो? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून संगणक किंवा लॅपटॉप नेल्यावर थोड्याच दिवसांत बहुतेक ग्राहकांचा एकाच कारणासाठी फोन येतो. काहीही नवीन टाकायला गेले की मशीन पासवर्ड मागते, तेवढे काढून द्या, असे त्यांचे म्हणणे असते. नवी पेठेतील व्यापारी असोत, जुळे सोलापुरातील निवृत्त शिक्षक असोत किंवा टॉवेलच्या कारखान्याची जीएसटीची बिले रात्री घरच्या संगणकावर करणारे कारखानदार असोत, तक्रार हीच असते. तो पासवर्ड आम्ही जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. त्यामागचे कारण फोनवर घाईघाईत नीट सांगता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

विंडोजमध्ये दोन प्रकारची अकाउंट असतात. ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटला संपूर्ण मशीनवर अधिकार असतो, तर स्टँडर्ड अकाउंटवर रोजची सर्व कामे करता येतात, पण मशीनच्या मुळाशी हात घालता येत नाही. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, आपण उघडलेला प्रोग्रॅम आपल्याच अकाउंटच्या अधिकाराने चालतो. ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटवर काही इन्स्टॉल होऊ लागले की विंडोज फक्त ‘यस’ की ‘नो’ एवढेच विचारते, आणि दिवसातून अनेकदा तोच प्रश्न पाहिलेला माणूस न वाचता ‘यस’ दाबून मोकळा होतो. स्टँडर्ड अकाउंटवर त्याच चौकटीत ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाकावा लागतो. तो टाकण्यासाठी हात थांबतो, आणि बहुतेक वेळा तेवढे थांबणे पुरेसे ठरते.

चौकट दिसली की तिच्या वरच्या पट्टीकडे पाहावे. प्रोग्रॅम बनवणाऱ्याची ओळख विंडोजला पटली असेल तर पट्टी निळी असते आणि खाली त्या कंपनीचे नाव असते. ओळख पटलेली नसेल तर पट्टी पिवळी असते आणि नावाच्या जागी ‘अननोन’ असे लिहिलेले असते. पिवळी पट्टी दिसल्यास ‘नो’ दाबून आम्हाला फोन करावा. दुकान बंद असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे, त्याने नुकसान होत नाही.

घरातील प्रत्येकाने, वडिलांपासून शाळकरी मुलांपर्यंत, एकच ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट तेही पासवर्डविना वापरणे, ही आमच्या पाहण्यातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मुलगा एखादा फुकटचा गेम उतरवतो. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही त्या गेमची पहिलीच सूचना असते, आणि ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटवर ती सहज पाळता येते. गेमबरोबर आलेला प्रोग्रॅम मग ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो, मशीन सुरू होताना आपोआप सुरू होण्याची सोय करून घेतो आणि खोलवर जाऊन बसतो. असे मशीन आमच्याकडे आले की सर्व डेटा बाजूला काढणे, फॉरमॅट मारणे, विंडोज, प्रिंटर, टॅली आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर पुन्हा टाकणे यात दोन दिवस सहज जातात. विवरणपत्र भरायची तारीख जवळ आलेली असेल तर हे दोन दिवस ग्राहकाला फार जड जातात. हाच प्रकार स्टँडर्ड अकाउंटवर घडला असेल तर घाण बहुधा त्या एका अकाउंटपुरती राहते. आम्ही तपासणी करून, कागदपत्रे काढून घेऊन ते अकाउंट पुसतो, नवीन तयार करतो आणि अनेकदा त्याच दिवशी मशीन परत देतो. त्यामुळे आमचे दुरुस्तीचे बिल कमी होते हे खरे, परंतु एकाच ग्राहकाचे तेच मशीन वारंवार फॉरमॅट मारून देण्यात आम्हाला समाधान वाटत नाही.

आमच्या आणखी एका पद्धतीबद्दल नाराजी कानावर येते. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आम्ही बंद पाकिटात देतो आणि त्याची प्रत दुकानात ठेवत नाही. ‘तुमच्याकडे असेलच की’ असे म्हणणाऱ्यांना आमचा नकार कोरडा वाटत असेल, पण आपल्या घरच्या कपाटाची किल्ली दुकानदाराकडे असणे कोणालाच रुचणार नाही. विंडोज ११ च्या अनेक मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे कधी मोठा बदल झाला तर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर डेटा आम्हालाही काढता येत नाही. ती कीसुद्धा आम्ही छापून त्याच पाकिटात घालतो. पाकीट घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावे, आणि कृपया पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवू नये.

घरात संगणकाची सर्वांत जास्त माहिती असलेल्या व्यक्तीने, म्हणजे बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने, रोज ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटवरच काम करावे असा समज आहे. तो सोडून द्यावा. आम्ही स्वतः दुकानातील मशीनवर रोजचे काम स्टँडर्ड अकाउंटवर करतो.

जुन्या मशीनवर ही व्यवस्था घरीच करता येते, पण क्रम चुकवू नये. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ व त्यातील ‘अदर युजर्स’ उघडून आधी एक नवे अकाउंट तयार करावे, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार व चांगला लांब पासवर्ड द्यावा. मग त्या नव्या अकाउंटमध्ये शिरून आपल्या रोजच्या जुन्या अकाउंटचा प्रकार स्टँडर्ड करावा. असे केल्याने फोटो, फाइली आणि डेस्कटॉप जागच्या जागी राहतात. पुष्कळ जण उलटे करतात, म्हणजे स्वतःसाठी नवे स्टँडर्ड अकाउंट काढतात आणि ‘फोटो गेले’ म्हणून घाबरून फोन करतात. फोटो गेलेले नसतात, ते जुन्या अकाउंटमध्ये असतात. टॅलीच्या डेटाच्या फोल्डरला मात्र काही वेळा वेगळी परवानगी द्यावी लागते. ते जमत नसेल तर मशीन घेऊन यावे. आमच्याकडून घेतलेल्या मशीनसाठी या कामाचा वेगळा आकार नाही.

या व्यवस्थेने सर्व काही अडते असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याला दुरून आपला संगणक चालवू देणारे एनीडेस्कसारखे प्रोग्रॅम इन्स्टॉल न करताही चालतात, त्यामुळे फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून आपण आपला पडदा त्याच्या हाती दिला तर स्टँडर्ड अकाउंट काही करू शकत नाही. मुले पुण्याला नोकरीला आणि आई-वडील येथे एकटे, अशा घरांत हे विशेष सांगावेसे वाटते. पडदाभर ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असे दिसले तर तो इशारा खोटा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. एस्केपचे बटण थोडा वेळ दाबून धरावे, तरीही पडदा हटला नाही तर पॉवरचे बटण दाबून मशीन बंद करावे. कोपऱ्यात सतत व्हायरसचे इशारे उगवत असतील तर कधीतरी एखाद्या वेबसाइटला ‘अलाउ’ म्हटले गेलेले असते. ब्राउझरच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमधून ती वेबसाइट काढली की ते थांबतात, त्यासाठी फॉरमॅटची गरज नसते. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे भासवून भामटे ज्या ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालतात, तशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. बँकेच्या वेबसाइटचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो का ते पाहावे, कारण रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना या पत्त्यावर येण्यास सांगितले आहे. मोबाइलवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलन म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल, उघडूच नये.

फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर स्टँडर्ड अकाउंटवरील आपली स्वतःची कागदपत्रेही सोडत नाही. त्यासाठी बॅकअप हाच उपाय, पण कायम जोडून ठेवलेली डिस्क बॅकअपमध्ये धरू नये, कारण तिच्यावरील फायलीही त्याच वेळी जातात. डिस्क जोडावी, प्रत घ्यावी आणि काढून कपाटात ठेवावी.

‘कोणता अँटिव्हायरस टाकू’ या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. विंडोजमधील डिफेंडर चालू व अद्ययावत असेल तर घरगुती वापराला बहुधा तो पुरतो. पैसे भरून घ्यायचा असेल तर आमच्याकडे मिळतो, मात्र दोन एकदम ठेवू नयेत. अपडेट टाळणे त्याहून धोक्याचे आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती, आणि अडकली ती मुख्यतः दुरुस्ती न घेतलेली मशीन. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलेल्या घरगुती मशीनची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. आपले मशीन विंडोज ११ घेऊ शकते का, हे आम्ही विनामूल्य पाहून देतो. क्रॅक केलेले विंडोज किंवा टॅली आम्ही टाकत नाही, कृपया तसा आग्रह धरू नये.

फसवणुकीत पैसे गेलेच तर संगणक आमच्याकडे आणण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर आणि बँकेला फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. राउटर बंद करून मशीनचे इंटरनेट तोडावे आणि साठवलेले पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदलावेत. तक्रार नोंदवून होईपर्यंत काहीही पुसू नये किंवा स्वतः फॉरमॅट मारू नये, कारण तपासाला लागणारा पुरावा त्यातच असतो. त्यानंतर मशीन आणताना चार्जर आणि ते पाकीट सोबत आणावे. पाकीट आपल्याच हाताने उघडून पासवर्ड आपणच टाकावा, आणि मशीन परत नेताना तो बदलून घ्यावा.