वाळूउपसा यंत्रे

नदी, खाडी आणि समुद्र यांच्या तळातली वाळू सुटी करणे, उचलणे, चाळणे आणि काठावर किंवा जहाजात टाकणे यांसाठी वापरली जाणारी यंत्रे. दोनचार माणसांनी चालवायच्या सक्शन पंपाच्या बोटीपासून बंदरांत काम करणाऱ्या अवाढव्य ड्रेजर जहाजांपर्यंत त्यांचा पल्ला आहे. या नोंदीत यंत्रांचे कार्य सांगून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या नद्यांशी त्यांचा असलेला संबंध मांडला आहे.

नद्या आणि त्यांची वाळू : महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कराडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला, ब्रह्मनाळला येरळेला आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला घेऊन पुढे कर्नाटकात जाते. कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांत धरणे व बंधारे यांमुळे उन्हाळ्यातही पाणी राहते. त्यांची बरीचशी वाळू पाण्याखाली असते, म्हणून तेथे बोट आणि पंप चालतो. पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली गोष्ट वेगळी आहे. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ या तालुक्यांतून वाहणाऱ्या माणगंगा, येरळा आणि अग्रणी या नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या असत. उपसा सिंचन योजनांचे पाणी अलीकडे त्यांत अधूनमधून सोडले जाते, पण वाळूचे पात्र बहुतांशी उघडेच असते. तेथे बोटीची गरज लागत नाही. जेसीबी, पोकलेन आणि ट्रॅक्टर थेट पात्रात उतरतात.

ही वाळू मूळची सह्याद्रीच्या काळ्या दगडाची. बेसाल्टचे, म्हणजे याच काळ्या दगडाचे, बारीक कण, त्यांत अगेट व कॅल्सेडनीसारखे गारगोटीचे कठीण कण आणि झिओलाइट या खनिजाचे पांढुरके तुकडे असे तिचे मिश्रण असते. दगड झिजून कण तयार होणे, ते ओढ्यात उतरणे आणि पुरांच्या टप्प्याटप्प्याने नदीच्या वळणावर येऊन बसणे याला फार मोठा काळ जातो.

हाताने उपसा : यंत्रे येण्याआधी खोरे, घमेले, चाळणी, बैलगाडी आणि गाढवे एवढ्यावर वाळूचे काम चाले. पाणी उथळ असेल तेथे माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पाट्या भरत. कोकणातल्या खाड्यांमध्ये बुडी मारून पाटीने वाळू वर काढण्याची ‘हातपाटी’ किंवा ‘डुबी’ पद्धत आजही परवान्याने चालते. हे अत्यंत कष्टाचे काम आहे आणि त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु माणसाच्या श्रमाला असलेली मर्यादा नदीलाही लाभत होती. दिवसभरात काढलेला खड्डा पुढच्या पुरात बुजून जाण्याइतकाच असे.

सक्शन पंपाची बोट : लोखंडी किंवा फायबरच्या तराफ्यावर डिझेल इंजिन बसवलेले असते. त्याला जोडलेला अपकेंद्री पंप, तळापर्यंत सोडलेला चूषण नळ आणि काठाकडे नेलेला निकास नळ हे तिचे मुख्य भाग. पंपाचे पाते फिरू लागले की त्याच्या मध्यभागी दाब कमी होतो आणि बाहेरचे पाणी नळात धावते. नळाचे तोंड वाळूच्या अगदी जवळ धरले तर हे पाणी वाळूलाही सोबत घेते. तोंड वाळूत रुतले तर पाणी मिळत नाही आणि नळ तुंबतो. फार वर राहिले तर नुसते पाणी येते. नळाचे तोंड हाताळणाऱ्या माणसाचे कसब इथेच लागते.

मिश्रणात वाळूचे आकारमान साधारणपणे १० ते २० टक्के असते, उरलेले पाणी. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर वेगाने खाली बसतो. आडव्या नळात तो तळाशी बसू नये म्हणून मिश्रणाला पुरेसा वेग द्यावा लागतो. सहा-आठ इंची नळात तो सेकंदाला ३ मीटरच्या आसपास ठेवतात. वेग घटला की वाळू नळात थर धरते, वाट अरुंद होते आणि शेवटी नळ बंद पडतो.

पंप किती खोलीवरून वाळू ओढू शकतो, याबद्दल नेहमी गैरसमज होतो. विहिरीवरच्या मोटारीला हवेच्या दाबाची मर्यादा असते. तत्त्वतः सुमारे १०.३ मीटर आणि व्यवहारात सहा-सात मीटरपेक्षा जास्त उंची तिला ओढता येत नाही. बोटीवरचा पंप मात्र पाण्याच्या पातळीलगतच असतो. नळातले पाणी बाहेरच्या पाण्याने तोललेले असते, त्यामुळे पंपाला फक्त वाळूमुळे वाढलेले वजन आणि नळातले घर्षण यांवर मात करावी लागते. म्हणून साधी बोटसुद्धा नदीच्या खोल डोहातून वाळू काढू शकते. खोली वाढत गेली की मिश्रण पातळ होत जाते, एवढेच. आणखी खोल जायचे तर मोठ्या ड्रेजरप्रमाणे पंपच पाण्याखाली नळाच्या भुजेवर बसवावा लागतो.

गारगोटीच्या कणांनी पंपाचे पाते व कवच झपाट्याने झिजते. चांगल्या यंत्रांत त्यासाठी कठीण ओतीव लोखंडाची किंवा रबराची बदलता येणारी अस्तरे असतात.

या यंत्राची ताकद साध्या हिशेबाने कळते. वाळू मोजण्याचे आपल्याकडचे माप ब्रास : १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कोरड्या वाळूचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो. सहा इंची नळातून सेकंदाला ३ मीटर वेगाने १० टक्के वाळूचे मिश्रण अखंड चालले, तर ढिगाऱ्यातल्या पोकळ्या धरून तासाला सुमारे ११ ब्रास वाळू काठावर पडते. प्रत्यक्षात नळ तुंबणे, बोट हलवणे, इंजिन थांबणे यांमुळे आकडा कमी होतो. तरीही एका रात्रीत एक बोट जे काढते ते घमेल्याने काढायला माणसांचा तांडा लागला असता.

काठावर मिश्रण चाळणीवर पडते. गोटे वेगळे होतात, वाळू खाली साचते आणि गढूळ पाणी पुन्हा नदीत जाते. माती मिसळलेले हे पाणी खालच्या बाजूला दूरवर पसरते आणि माशांची अंडी गाळाखाली दडपली जातात.

समुद्रातील ड्रेजर : समुद्रातली यंत्रे याच तत्त्वावर चालतात, फक्त आकार बदलतो. ‘कटर सक्शन’ ड्रेजरमध्ये चूषण नळाच्या तोंडाशी दातेरी फिरते डोके असते. ते घट्ट तळ फोडते आणि पंप तो ओढून तरंगत्या नळावाटे किनाऱ्यावर फेकतो. जहाज मागच्या बाजूच्या उभ्या खांबावर टेकून डावीउजवीकडे झुलत काम करते. ‘ट्रेलिंग सक्शन हॉपर’ ड्रेजर हे चालते जहाज असते. बाजूने सोडलेला नळ तळावर ओढत नेला जातो, वाळू जहाजाच्या पोटातल्या हौदात बसते, जादा पाणी बाहेर वाहते आणि ठरलेल्या जागी तळाची दारे उघडून माल सोडला जातो. याशिवाय बादल्यांच्या साखळीचे ड्रेजर आहेत. सुएझ कालव्याच्या खोदकामात १८६० च्या दशकात वाफेवर चालणारी अशी यंत्रे वापरली गेली. जबड्यासारखे उघडणारे ग्रॅब ड्रेजरही बंदरांत दिसतात.

यान द नुल या कंपनीच्या ‘क्रिस्तोबाल कोलोन’ या ड्रेजरच्या हौदाची क्षमता ४६,००० घनमीटर आहे, म्हणजे एका खेपेला सव्वासोळा हजार ब्रास. भारतात बंदरांच्या जलमार्गांची खोली राखण्यासाठी १९७६ मध्ये ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे मुख्यालय विशाखापट्टणमला आहे. समुद्रातली वाळू बांधकामाला वापरायची तर ती गोड्या पाण्याने धुवावी लागते, नाहीतर तिच्यातले क्लोराइड काँक्रीटमधल्या सळ्या गंजवते.

कोरड्या नदीतील यंत्रे : माणगंगा, येरळा, अग्रणी यांच्या पात्रांत वाळूचा थर म्हणजे गावाची पाण्याची टाकी आहे. सुट्या वाळूत सुमारे ३० ते ४० टक्के पोकळी असते. पावसाळ्यात ती पाण्याने भरते आणि उन्हाळ्यात झिरे (वाळूत खणलेले पाण्याचे खड्डे), काठच्या विहिरी व पाणीयोजनांच्या जॅकवेल (पाणी उपसून घेण्याच्या विहिरी) तिच्यावर जगतात. वाळूखालचे पाणी उन्हाने फारसे उडून जात नाही, हा उघड्या तलावापेक्षा मोठा फायदा. एक ब्रास वाळू कायमची गेली की साधारण साडेआठशे ते अकराशे लिटर पाणी साठवण्याची जागा जाते. वाळू पात्रातून दरवर्षी पुन्हा भरली जात असेल तर हे नुकसान तात्पुरते. पण पोकलेन मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खाली जातो. तशा उघड्या पडलेल्या पात्रावरून पावसाचे पाणी न थांबता निघून जाते आणि काठच्या विहिरींतले पाणीही नदीकडे झिरपते. दुष्काळी तालुक्यांतला वाळूचा प्रश्न म्हणूनच मुळात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला सांगली जिल्ह्यातच एक थोर उत्तर मिळाले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि दुष्काळाने पिचलेले शेतकरी यांनी खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकर हे तिचे एक नेते. येरळेची वाळू ठेकेदार नेत होते आणि विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी ठेकेदारांच्या उपशाला विरोध केला आणि मर्यादित वाळू स्वतः विकून त्या पैशातून येरळेवर धरण बांधायचे ठरवले. सरकारी परवानगीसाठी लांबलचक लढा द्यावा लागला. लोकांच्या श्रमातून बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याच्या पाण्यावर भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क, हे तत्त्व गावांनी स्वीकारले. वाळू कोणाची, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिले गेले आहे. वाळूउपशाच्या कोणत्याही चर्चेत या धरणाचा उल्लेख व्हायलाच हवा.

नदीवरील परिणाम : नदीच्या तळात खोल खड्डा पडला की तो जागेवर राहत नाही. वरच्या बाजूची कड पाण्याने ढासळत जाते आणि खड्डा प्रवाहाच्या उलट दिशेने सरकू लागतो. खालच्या बाजूला वाळू न मिळालेले पाणी तळ आणि काठ खरवडते. पुलांच्या खांबांचा पाया उघडा पडतो, काठच्या उसाच्या शेतांचे कडे कोसळतात, बंधाऱ्यांचे पायथे पोकळ होतात. कृष्णाकाठी भिलवडी, औदुंबर परिसरात मगरी आहेत. उन्हाळ्यात त्या काठच्या वाळूत आणि मातीत खड्डे करून अंडी घालतात. नेमका तोच उपशाचा हंगाम असतो.

कृष्णेच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. धोम, कण्हेर, कोयना आणि चांदोली या धरणांनी डोंगराकडून येणारी बरीच वाळू व गाळ जलाशयांत अडवला आहे. खालच्या पात्राला वाळू मिळते ती धरणांखालच्या ओढ्यांकडून आणि काठ खचून. आवक अशी आटलेली असताना उपशाचा वेग मात्र पंपाने अनेक पटींनी वाढवला आहे.

वाळू काढल्याने नदी खोल होते आणि पूर कमी होतो, असे सांगलीत पुष्कळदा बोलले जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हापासून हा युक्तिवाद जोर धरून आहे. तो टिकत नाही. आधीच पाण्याने भरलेल्या डोहात आणखी खड्डा केल्याने पुराचे पाणी पुढे सरकत नाही. पातळी ठरते ती येणारा विसर्ग, पात्राचा सपाट उतार, वारणेच्या संगमाचा फुगवटा आणि पूररेषेतल्या अडथळ्यांनी. पात्रातला गाळ, झाडोरा आणि भराव काढणे हे स्वतंत्र काम आहे. ते वाळूच्या लिलावाशी जोडू नये.

नियमन : वाळू हे गौण खनिज असून १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने तिच्याबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रालाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. त्यानंतर केंद्राची २०१६ व २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे आली. उपसा ३ मीटर खोलीपर्यंतच, काठापासून नदीच्या रुंदीच्या एक चतुर्थांश आणि किमान ७.५ मीटर अंतर सोडून करावा, पुलाच्या वरच्या बाजूला किमान २५० व खालच्या बाजूला ५०० मीटर जागा मोकळी ठेवावी, असे त्यांत म्हटले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार अवैध उपशाला बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि यंत्रे व वाहने जप्त करता येतात. भीमा खोऱ्यात तर जप्त केलेल्या बोटी जिलेटिनने उडवण्यापर्यंत महसूल खात्याला जावे लागले. राज्याचे वाळू धोरण वारंवार बदलले : २०२३ मध्ये शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रासने विक्री सुरू झाली, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाची पद्धत आली. तलाठी आणि मंडल अधिकारी यांनी रात्री नदीवर जाऊन बोटी पकडायच्या, अशी व्यवस्था त्यांच्या जिवाशी खेळणारी आहे. तिच्यावर सगळा भार टाकणे योग्य नाही.

पर्याय : काळा दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू, म्हणजे एम-सँड किंवा क्रश सँड, दोन्ही जिल्ह्यांतल्या बांधकामांवर रुळली आहे. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तिला मान्यता आहे. काँक्रीटला ती चांगली चालते. गिलाव्यासाठी मात्र बारीक व नीट चाळलेली लागते, आणि दगडाची धूळ जास्त राहिल्यास भेगा पडतात. तिच्यासाठी डोंगर फोडावे लागतात, हेही विसरता येत नाही.

सक्शन यंत्राचा योग्य उपयोगही आहे. बंधाऱ्यांमागे आणि जुन्या तलावांत साचलेला गाळ पाणी न सोडता काढायला ते सोयीचे पडते. नदीतून वाळू घ्यायचीच असेल तर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्राची मोजणी करून किती वाळू परत आली ते ठरवावे, अशी अपेक्षा २०२० च्या तत्त्वांत आहे. कोरड्या पात्रात हे काम ड्रोनने आणि डोहात प्रतिध्वनीने खोली मोजणाऱ्या उपकरणाने होऊ शकते. त्या मोजणीचे आकडे ग्रामसभेसमोर ठेवल्याशिवाय वाळूगटाचा, म्हणजे उपशासाठी ठरवलेल्या पात्राच्या तुकड्याचा, लिलाव काढू नये.