लिंबू-मधाचं पाणी आणि घशात दबा धरून बसलेलं पेप्सिन

इंदूरला थंडी पडली, कढईत गराडू (एका कंदाच्या फोडी) पडायला लागले की बऱ्याच घरांत पहाटे घसा खाकरल्याचे आवाज सुरू होतात. आवाज बसलेला, गळ्यात काहीतरी अडकलेलं, आवंढा गिळून गिळून ते जात नाही. ‘कफ झालाय’ असं ठरतं आणि लिंबू-मधाचं गरम पाणी सुरू होतं. ताप नाही, सर्दी नाही आणि दोन-तीन आठवडे झाले तरी खाकरणं थांबत नाही, तेव्हा छातीपेक्षा पोटावर संशय घ्यावा. यातल्या अनेकांच्या छातीत कधी जळजळलेलंच नसतं, म्हणून पित्ताकडे कोणाचं लक्ष जात नाही.

जठरातलं थोडंफार आम्ल वर येणं धडधाकट माणसालाही रोजचंच. अन्ननलिकेतला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २४ तासांपैकी सुमारे ४ टक्के वेळ, म्हणजे जवळपास तासभर ४ च्या खाली गेला तरी तपासणीत ते नॉर्मल धरतात. अन्ननलिका आकुंचन पावून आलेला माल खाली ढकलते, उरलेलं आम्ल लाळेतलं बायकार्बोनेट मारतं. स्वरयंत्राला अशी सोय नाही. तिथे थोडंसंच पोचलं तरी पुरतं. आणि पोचतं ते नुसतं आम्ल नव्हे. त्याच्यासोबत पेप्सिन असतं.

पेप्सिन म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम). थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये ते शोधलं. जठराच्या पेशी ते थेट बनवत नाहीत. बनवलं असतं तर त्याने आधी त्या पेशीच पचवल्या असत्या. त्या पेप्सिनोजेन बनवतात, ज्याच्या कामाच्या खाचेवर चाळिसेक अमिनो आम्लांची साखळी आडवी पडलेली असते. जठरातल्या आम्लात ही साखळी सुटते, तुटते आणि खाच उघडी पडते. त्या खाचेत अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे दोन घटक समोरासमोर असतात. प्रथिनाचा बंध तोडायचा तर त्यांपैकी एकाकडे प्रोटॉन हवा आणि दुसऱ्याकडे नको. ही स्थिती आम्लातच टिकते, म्हणून पीएच २ च्या आसपास पेप्सिन सगळ्यात जोरात चालतं आणि साडेसहाच्या वर थंडावतं.

थंडावतं म्हणजे मरत नाही, खरी मेख इथे आहे. घशातला पीएच ७ च्या जवळपास असतो. तिथे पेप्सिन काम करत नाही, पण त्याची घडीही मोडत नाही. ते कायमचं निकामी व्हायला पीएच ८ किंवा त्याहून वर जावा लागतो. तोवर ते अस्तराला चिकटून राहतं. स्वरयंत्राच्या पेशी ते आत ओढून घेतात असंही दिसलं आहे. मग वरून पुन्हा आम्ल आलं की ते परत कामाला लागतं. हे आम्ल जठरातूनच यावं असं बंधन नाही, पेल्यातून आलेलंही चालतं. पेलाभर पाण्यात अर्धं लिंबू पिळलं की त्याचा पीएच ३ च्या आसपास येतो. मधही आम्लधर्मीच.

‘लिंबू पोटात गेलं की अल्कलाइन होतं’ हे मोबाइलवर फिरणारं ज्ञान अर्धं खरं आहे. सायट्रेटचं ज्वलन झाल्यावर लघवी अल्कधर्मी होते. पण घसा त्याआधी लागतो! हजारो रुपयांच्या अल्कलाइन पाण्याच्या यंत्रांचंही तेच: ८.८ पीएचचं पाणी परीक्षानळीत पेप्सिन मोडतं, म्हणून पोटाचं आम्ल त्याने कायमचं आटोक्यात येतं असं नाही.

आता सराफा, इंदूरचा रात्री भरणारा खाऊबाजार. गराडू तळलेले, म्हणजे जठर रिकामं व्हायला उशीर. वर लिंबू आणि आमचूर घातलेलं जीरावण (इंदुरी मसाला), म्हणजे घशातल्या पेप्सिनला आमंत्रण. आणि वेळ रात्री अकराची. ताणलेल्या जठरावरची झडप मधूनमधून सैल होते. त्यात आडवं झालं की गुरुत्वाकर्षणाचीही मदत नाही, आणि झोपेत लाळ व गिळणं दोन्ही जवळपास बंद.

म्हणून पहिला उपाय पदार्थाचा नाही, घड्याळाचा: जेवण आणि झोप यांत किमान तीन तास. दुसरा पलंगाचा. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवल्या की १५ सेंटिमीटर उंची मिळते. उशा वाढवू नका. कंबरेत वाकून पोट दाबलं जातं आणि उलटंच होतं. डाव्या कुशीवर झोपावं, जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतो.

खाण्यात दोन-तीन आठवडे लिंबू, चिंच, आमचूर, टोमॅटो, शीतपेयं आणि कच्चा कांदा बंद. पोहे चालतील, वरून लिंबू न पिळता, जीरावण न भुरभुरता. केळं, पपई, दुधी, मूगडाळ, भाकरी ठीक. ताक ताजं, अदमुरं चालेल; आंबलेलं नको. पेपरमिंटच्या गोळीने घसा मोकळा वाटतो खरा, पण ती झडपच सैल करते. जेवणानंतर बडीशेप चघळणं बरं, लाळ सुटते.

गुळण्यांसाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा. याचा पीएच ८ च्या जरा वर जातो. गुळण्या करून थुंकायचं, प्यायचं नाही: अर्ध्या चमच्यात ६०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं, रक्तदाबवाल्यांना ते महागात पडतं. शिवाय पोटात गॅस होऊन ढेकर येते आणि तिच्याबरोबर पेप्सिनही वर. खाकरणंही आवरा, प्रत्येक वेळी स्वररज्जू एकमेकांवर आपटतात, सूज वाढते, आणि सूज आली की पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी छातीची जळजळ थांबते, पण वर येणं थांबतंच असं नाही, पेप्सिन येतच राहतं. घशाला फरक दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. मात्र आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना अडकत असेल, थुंकीत रक्त, मानेत गाठ किंवा वजनात घट असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून कान-नाक-घसातज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावं. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी तर एवढे आठवडेही थांबू नये.