डिस्क ओव्हरलोड (ध्वनिमिश्रण)

संगणकावर मल्टिट्रॅक सेशन (अनेक ट्रॅकचे, म्हणजे वेगवेगळ्या ध्वनिपट्ट्यांचे काम) वाजत असताना डिस्कवरचा ध्वनी वेळेत न पोहोचल्यामुळे आवाज तुटणे, टकटक येणे किंवा प्लेबॅक मध्येच थांबणे, याला डिस्क ओव्हरलोड म्हणतात. प्रो टूल्स या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही तक्रार उणे ९०७३ या क्रमांकाने ओळखली जाते. अरडॉर हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर ‘डिस्कवरून वाचन मागे पडले’ अशा अर्थाचे स्पष्ट सांगते. लॉजिक या तिसऱ्याचा संदेश मात्र ‘डिस्क फार मंद आहे किंवा सिस्टिमवर ताण आहे’ अशा धर्तीचा असतो, आणि त्यातला ‘किंवा’च माणसाला गोत्यात आणतो. डिस्क बदलली तरी अडखळणे तसेच राहते, कारण मुळात दोष प्रोसेसरचा होता, असे स्टुडिओत नेहमी घडते.

हिशेब करून पाहिला तर डिस्कवरचा भार फारसा मोठा दिसत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट मागतो, म्हणजे १२० ट्रॅकना सुमारे १७ मेगाबाइट लागतात. सलग वाचायचे तर साधी हार्ड डिस्कही सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वर देते. मग अडते कुठे? वाचन सलग नसते, तिथे. १२० ट्रॅक म्हणजे १२० फायली, डिस्कवर वेगवेगळ्या जागी पडलेल्या. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कचे वाचणारे हेड एका जागेवरून दुसरीकडे जाऊन हवा तो भाग खाली येईपर्यंत साधारण १३ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला ७५ उड्या, त्याहून फार नाहीत. प्रत्येक उडीत ६४ किलोबाइट उचलले तर जेमतेम ३३ ट्रॅक चालतात. तीच डिस्क एका उडीत ५१२ किलोबाइट उचलू लागली, की दोनशेच्या वर ट्रॅक ओढते. त्यामुळे डिस्कच्या खोक्यावरच्या वेगापेक्षा एका खेपेत किती उचलले जाते, हे इथे जास्त महत्त्वाचे ठरते.

बारीक कापाकापी केलेला ट्रॅक याच कारणाने महागात पडतो. गायकाच्या आठ टेकमधून (एकच गाणे पुन्हा पुन्हा गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांमधून) शब्द-शब्द वेचून जोडलेली एक ओळ ऐकायला एक ट्रॅक असते, पण डिस्कला ती दहा-बारा उड्या मारायला लावते. असे तुकडे एकत्र करून नवी सलग फाइल बनवली, की फरक लगेच कळतो. लाइव्ह कार्यक्रमात मिक्सरने ३२ चॅनलची एकच फाइल केली असेल तर तऱ्हा निराळी. ती ३२ ट्रॅकवर पसरली, की प्रत्येक ट्रॅक आपल्या एका चॅनलसाठी अख्खी फाइल चाळू शकतो. सेकंदाला ४.६ मेगाबाइटची गरज कागदोपत्री ३२ पट होते. मिक्स सुरू करण्याआधी तिच्या मोनो फायली करून घेणे शहाणपणाचे.

निदानाची सोपी परीक्षा अशी : जिथे अडखळते तोच भाग लगेच पुन्हा वाजवावा. दुसऱ्यांदा सुरळीत गेला तर बहुधा डिस्कच मंद आहे, कारण पहिल्या वाचनातला डेटा आता रॅममध्ये असतो. दोन्ही वेळा त्याच ठिकाणी अडकला तर सगळे प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्रॅम, ज्यांचा भार प्रोसेसरवर पडतो) बंद करून पाहावे. तेवढ्याने सुटले तर डिस्कला दोष देऊ नये. सेशन उघडल्यावर पहिली काही मिनिटेच त्रास होत असेल तर वेव्हफॉर्मची (ध्वनिलहरींची) चित्रे बनण्याचे काम मागे चालू असते, ते संपू द्यावे.

दोन बफरची (डेटा आधीच साठवून ठेवण्याच्या जागांची) गल्लत फार होते. ऑडिओ इंटरफेसचा बफर १२८ सॅम्पलचा, म्हणजे २.७ मिलिसेकंदांचा, तो १०२४ केला तर प्रोसेसरला उसंत मिळते, डिस्कला जवळजवळ काहीच नाही. डिस्कवरून आधीच वाचून ठेवण्याचा बफर वेगळा असतो आणि तो वाढवला तर खेप मोठी होते. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये तो मुळातच १२०० मिलिसेकंदांचा असतो. प्रो टूल्सची डिस्क कॅश रॅम पुरेशी असेल तर अख्खे सेशन रॅममध्ये उचलून ठेवते, आणि मग वाजताना डिस्ककडे जावेच लागत नाही.

एसएसडीला (चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) हेडच नाही, त्यामुळे उड्यांचा प्रश्न जवळपास संपला. उरल्या त्या बाहेरच्या कटकटी. टाइप-सी दिसणारी चार्जरची केबल आत यूएसबी २ ची निघते आणि प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० मेगाबाइटवर अडते. ९६ किलोहर्ट्झच्या १५० ट्रॅकना मात्र ४३ मेगाबाइट लागतात. सेशन क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये असेल तर फाइल मशीनवर नसून फक्त तिचे नाव असते, आणि ऐन कोरसला ती इंटरनेटवरून यायला लागते. अँटिव्हायरसला सेशनचे फोल्डर वगळायला सांगावे. स्वस्तातली एसएसडी काठोकाठ भरली की लांब रेकॉर्डिंगमध्ये तिचा लिहिण्याचा वेग अचानक पडतो, म्हणून थोडी जागा मोकळी ठेवावी. डीफ्रॅग करण्याचा (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावण्याचा) जुना सल्ला तिला लागू नाही. त्याने उपयोग काही होत नाही, फक्त लिहिण्याची झीज वाढते.